पाऊस लागला की एसडब्ल्यूआर बिघडतो: गच्चीवरच्या एचएफ अँटेनाचं निदान आणि दुरुस्ती

मे अखेरपर्यंत ७.१ मेगाहर्ट्झवर १.३ दाखवणारा एसडब्ल्यूआर मीटर जून लागला की ३ दाखवू लागतो, रेडिओ स्वतःच पॉवर पाडतो, आणि चार दिवस ऊन पडलं की सगळं पुन्हा जागेवर. पुढच्या वर्षी तेच, फक्त थोडं जास्त. (एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाकडे पाठवलेल्या पॉवरपैकी किती परत येते याचं माप: १ उत्तम, आकडा जितका मोठा तितकं वाईट.) दरवर्षीचं हे रडगाणं ज्या हॅम (हौशी) रेडिओवाल्यांच्या गच्चीवर आहे त्यांच्यासाठी हे निदान. उदाहरणासाठी नेहमीची मांडणी धरली आहे: गच्चीवर जीआय पाइपचा खांब, त्यावर ४० मीटर बँडचा इन्व्हर्टेड व्ही (दोन तारांचा डायपोल अँटेना, मध्य उंच आणि टोकं खाली), माथ्यावर १:१ बालन (केबलला अँटेनाच्या दोन तारांशी जुळवणारा भाग), आणि तिथून ३० मीटर कोॲक्स (मधली तार आणि तिच्याभोवती जाळी असलेली केबल) खाली खोलीत. इतर अँटेनांनाही बहुतेक सगळं लागू पडतं. जिथे पडत नाही तिथे तसं म्हटलं आहे.

आधी काय करू नये ते. भर पावसात तार कापू नका. या अँटेनाची एक बाजू साधारण १० मीटर असते. दोन्ही बाजूंनी १०-१० सेंटिमीटर कापलं की रेझोनन्स (ज्या फ्रिक्वेन्सीवर एसडब्ल्यूआर सर्वांत कमी असतो ती) सुमारे ७० किलोहर्ट्झ वर सरकतो. जुलैत कापून मीटर १.५ वर आणला, तर ऑक्टोबरात सगळं सुकल्यावर रेझोनन्स आणखी वर पळतो आणि ७.०५ च्या आसपास बोलणाऱ्याची पंचाईत होते. आपल्याला हा बँड ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ एवढाच. त्यात इतकी उडी परवडत नाही. वाढवलेली तार पुन्हा कापता येते, कापलेली जोडत बसावं लागतं.

ट्यूनरचं बटण दाबून गप्प बसणं हाही उपाय नाही. खोलीतला ट्यूनर रेडिओला समजावतो, केबलला नाही. ओल शिरलेल्या केबलमध्ये पॉवर जळते ती जळतेच, फक्त ते आता दिसत नाही.

आधी घड्याळ बघा

मल्टीमीटर हातात घेण्याआधी एकाच प्रश्नाचं उत्तर मिळवा: पाऊस सुरू झाल्यावर किती वेळाने बिघडतं आणि उघडीप मिळाल्यावर किती वेळाने सुधारतं?

सर आली की पाच मिनिटांत काटा चढतो आणि ऊन पडल्यावर तासाभरात उतरतो, तर पाणी पृष्ठभागावर आहे. टोकाचा इन्सुलेटर, तारेला टेकलेलं पान, बालनच्या डब्याबाहेरचे टर्मिनल किंवा उघडा जोड. केबल बहुधा निर्दोष आहे.

पहिल्या पावसात काहीच होत नाही, दोन-तीन दिवसांच्या झडीनंतर हळूहळू चढतं आणि उघडीप मिळाली तरी दोन-चार दिवस उतरत नाही, तर पाणी आत आहे: कनेक्टरमध्ये, बालनच्या डब्यात किंवा केबलच्या सालीखाली. आत शिरलेलं पाणी वाळायला वेळ लागतो, आणि वाळलं तरी तांब्यावरचा काळा थर मागे उरतो. म्हणूनच ‘दरवर्षी थोडं जास्त’.

पाऊस नसताना, नुसत्या वाऱ्याने काटा नाचतो आणि रिसीव्हरमध्ये कडकड ऐकू येते, तर सैल जोड शोधा. कोकण, मुंबई, गोवा या पट्ट्यात आणखी एक प्रकार दिसतो: पाऊस संपल्यावरही पहाटे एसडब्ल्यूआर खराब, नऊ-दहा वाजता ठीक. इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो आणि दवाने तो ओला झाला की त्यातून गळती सुरू होते. गोड्या पाण्याने इन्सुलेटर पुसला की काम होतं. दर महिन्याला पुसावं लागत असेल तर लांब इन्सुलेटर लावा.

मग आलेखाचा आकार

एका फ्रिक्वेन्सीवरचा एक आकडा काहीही सांगत नाही. ७.०००, ७.०५०, ७.१००, ७.१५० आणि ७.२०० या पाच ठिकाणी, ५ वॉटच्या कॅरियरवर (आवाज नसलेल्या सलग सिग्नलवर) वाचन घ्या आणि त्यांचा आलेख काढा. ट्यूनर बंद. हेच वाचन कोरड्या दिवसात घेतलेलं असेल तर अर्धं निदान तिथेच होतं. नसेल तर येत्या मे महिन्यात घेऊन लॉगबुकात लिहून ठेवा.

आलेखाचा तळ तेवढाच खोल, पण खालच्या फ्रिक्वेन्सीकडे सरकला (उदाहरणार्थ ७.१ वरून ७.०५ वर), तर अँटेना ठीक आहे, तिच्या आसपासचं काहीतरी बदललंय. ओलं झाड, पत्र्याची शेड, सैल पडून खाली आलेली टोकं. दहा-वीस किलोहर्ट्झ सरकणं, विशेषतः प्लॅस्टिकचं आवरण असलेल्या तारेवर पाण्याची धार असताना, अगदी साहजिक आहे. सोडून द्या.

तळच वर आला, म्हणजे कुठेही २.५ च्या खाली जात नाही, तर जोडात किंवा बालनमध्ये बिघाड. आलेख खडबडीत, पुन्हा मोजला की वेगळा येतो, तर नक्कीच जोड.

५ वॉटला १.४ आणि ५० वॉटला मिनिटभरात २.५ झालं, तर कुठेतरी तापतंय किंवा ठिणगी पडतेय. बालनचा फेराइट (आतली चुंबकीय रिंग) किंवा कनेक्टरमधली ओल, या दोघांवर आधी संशय घ्या. युबिटेक्ससारख्या होमब्रू (घरी जोडलेल्या) सेटवर हा प्रयोग करू नका. त्यात एसडब्ल्यूआर वाढला की पॉवर पाडणारी सोय नाही आणि आयआरएफ५१० ट्रान्झिस्टरची जोडी जीव सोडते.

आलेख सपाट झाला, सगळीकडे १.५-१.६, कोरड्या दिवसापेक्षाही चांगला? तर सर्वांत वाईट.

एसडब्ल्यूआर सुधारला तर जास्त काळजी करा

खोलीतला मीटर परत आलेली पॉवर मोजतो. ती पॉवर केबलमधून एकदा वर गेलेली असते आणि एकदा खाली आलेली. केबलमध्ये जितका अपव्यय, तितकं परत येणारं कमी आणि आकडा तितका गोंडस. केबलचा एकेरी लॉस ३ डेसिबल (म्हणजे निम्मी पॉवर वाया) असेल तर वरचं टोक पूर्ण मोकळं असलं, अँटेना तुटून पडला असला, तरी खाली एसडब्ल्यूआर ३ च दिसतो.

२ मीटर बँडवर हे आणखी फसवं. ३० मीटर आरजी-५८ या बारीक कोॲक्सचा १४५ मेगाहर्ट्झवरचा लॉस सुमारे ६ डेसिबल. म्हणजे वर ग्राउंड प्लेन अँटेना नसला तरी खालचा मीटर १.७ च्या आसपास दाखवेल आणि माणूस ‘रिपीटर (सिग्नल पुढे पाठवणारं केंद्र) का उघडत नाही’ म्हणून हँडसेटला दोष देत बसेल. इतक्या लांबीला व्हीएचएफवर (३० ते ३०० मेगाहर्ट्झ) आरजी-५८ वापरूच नका. एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ) चालते.

तेव्हा पावसाळ्यात एसडब्ल्यूआर चांगला पण स्टेशनं क्षीण, रिपोर्ट दोन एस-युनिट (सिग्नलच्या ताकदीचं माप) खाली, अशी तक्रार असेल तर वर अँटेनाकडे बघू नका. केबल तपासा.

केबलची तपासणी

दोन्ही टोकं सोडवा. रेडिओकडचं आणि बालनकडचं, दोन्ही. मल्टीमीटर २० मेगाओहमच्या रेंजवर ठेवून मधली पिन आणि बाहेरचा कॉलर यांच्यामध्ये मोजा. निरोगी केबल काहीच दाखवत नाही. एक मेगाओहमच्या खाली काहीही वाचन आलं तर आत ओल आहे. आता मल्टीमीटरच्या दोन वायरी उलट करून पुन्हा मोजा. वाचन लक्षणीय बदललं तर शंकाच नको: ओल आणि दोन वेगळे धातू मिळून आत बारीकसा सेल तयार झालाय, आणि त्याचा व्होल्टेज मल्टीमीटरला गोंधळवतो.

बालन जोडलेलाच ठेवून हे मापन केलं तर फसगत होते. व्होल्टेज प्रकारचा १:१ बालन, किंवा एंड-फेडचा (एका टोकाकडून जोडलेल्या तारेच्या अँटेनाचा) ४९:१ ट्रान्सफॉर्मर, डीसीला शॉर्टच दाखवतो. ते बरोबर आहे. करंट प्रकारचा, म्हणजे चोक, डायपोलसोबत मोकळा दाखवायला हवा.

मल्टीमीटरने केबल पास झाली म्हणजे ती चांगली असं नाही. काळवंडलेली जाळी सुकल्यावर डीसीला छान दिसते आणि आरएफला (रेडिओ सिग्नलला) प्रतिकार करते. म्हणून पुढची पायरी: बालनच्या जागी, केबलच्या वरच्या टोकाला, ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रेझिस्टर) लावा. डमी लोड नसेल तर १ किलोओहम, २ वॉटचे २० रेझिस्टर समांतर जोडा, बरोबर ५० ओहम होतात. कार्बन किंवा मेटल फिल्म घ्या; वायरवाउंड अजिबात नको, तो रेझिस्टर कमी आणि कॉइल जास्त असतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळून जातात. कागदावर ४० वॉट होतात, पण १० वॉटच्या वरची पॉवर जास्त वेळ देऊ नका.

आता खोलीतून एसडब्ल्यूआर मोजा. १.२ च्या आत हवा. मग वॉटमीटर आधी रेडिओजवळ, नंतर वर लोडजवळ लावून पॉवर मोजा. ७ मेगाहर्ट्झवर ३० मीटर आरजी-५८ मध्ये सव्वा डेसिबलच्या आत लॉस असतो. १० वॉट पाठवले तर साडेसातच्या पुढे मिळायला हवेत. जाड आरजी-२१३ असेल तर पावणेनऊच्या आसपास. पाच वॉट पोचत असतील तर केबल बदला, चर्चा नको.

नॅनोव्हीएनए (अँटेना आणि केबल तपासायचं छोटं यंत्र) जवळ असेल तर वर वॉटमीटर न्यायची गरज नाही. वरचं टोक मोकळं सोडा आणि खालून रिटर्न लॉस (परत येईपर्यंत पॉवर किती डेसिबल घटली ते) बघा. त्याचा निम्मा म्हणजे एकेरी लॉस. मग वरचं टोक शॉर्ट करून पुन्हा बघा आणि दोन्हींची सरासरी घ्या. ३० मीटर आरजी-५८ ला ७ मेगाहर्ट्झवर २.३ डेसिबलच्या आसपास रिटर्न लॉस अपेक्षित आहे. ६ आला तर निम्मी पॉवर केबलच खातेय.

पाणी नेमकं कुठे आहे हेही तेच यंत्र सांगतं. स्टार्ट ५० किलोहर्ट्झ, स्टॉप १०० मेगाहर्ट्झ. ओपन, शॉर्ट, लोड असं कॅलिब्रेशन. मग डिस्प्लेमधून ट्रान्सफॉर्म, त्यात लो पास इम्पल्स, आणि व्हेलॉसिटी फॅक्टर (केबलमधला सिग्नलचा वेग, प्रकाशाच्या वेगाच्या टक्क्यांत): आरजी-५८ आणि आरजी-२१३ ला ६६, फोम असलेल्या केबलला ८० ते ८५. ट्रेसचा फॉरमॅट रिअल ठेवा, म्हणजे चढ आणि उतार वेगळे दिसतील. मोकळं टोक वरच्या दिशेने सुळक्यासारखं दिसतं. त्याआधी खाली जाणारी खळी दिसली तर तिथे इम्पीडन्स (आरएफला होणारा विरोध) पडलाय: पाणी, चिरडलेली केबल किंवा मधलाच एखादा जोड. वर जाणारा लहान उंचवटा असेल तर तुटत आलेली जाळी. मार्कर फिरवला की अंतर मीटरमध्ये मिळतं. या सेटिंगला साधारण एक मीटरची अचूकता मिळते. कोणत्या जोडाकडे बघायचं हे ठरवायला तेवढी पुरते. स्टॉप फ्रिक्वेन्सी उगाच ३०० मेगाहर्ट्झ करू नका. १०१ पॉइंटमध्ये तेवढ्या पट्ट्याला केबलची पूर्ण लांबी मावत नाही आणि भलत्याच जागी सुळका दिसतो.

पाणी शिरतं कुठून

पहिला क्रमांक पीएल-२५९ चा, म्हणजे केबलच्या टोकाला लावतात त्या कनेक्टरचा. तो कनेक्टर जलरोधक नाही, कधीच नव्हता. त्यात रबरी वॉशर नसतो, आणि एसओ-२३९ वर (त्याच्या सॉकेटवर) कितीही आवळला तरी आट्यांतून पाणी आत जातं. एन प्रकारच्या कनेक्टरमध्ये गॅस्केट असतो. नवीन काम करत असाल आणि वर तेवढा खर्च परवडत असेल तर तोच लावा.

कनेक्टरमध्ये पोचलेलं पाणी तिथेच थांबत नाही. जाळीच्या बारीक तारांमधून ते दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं ओढलं जातं, आणि वरून खाली येणाऱ्या केबलमध्ये तर गुरुत्वाकर्षण मदतीलाच असतं. म्हणून नुसता कनेक्टर बदलून भागत नाही. केबल १५ सेंटिमीटर कापा, साल काढा, जाळी बघा. चकचकीत तांबं किंवा कथील दिसेपर्यंत कापत जा. दोन मीटर कापूनही जाळी काळी किंवा हिरवीच असेल, तर केबल टाकून द्या. केबल टीव्हीची आरजी-६ वापरली असेल तर तिची जाळी ॲल्युमिनियमची असते; तिथे काळा थर नाही, पांढरी भुकटी दिसते. ती सोल्डरही होत नाही. ती सरळ बदला.

दुसरी जागा बालनचा डबा. इथे चूक बहुतेक वेळा जास्त काळजीतून होते: डबा सिलिकॉनने चारही बाजूंनी बंद केला जातो. दुपारी उन्हात डबा तापतो, आतली हवा बाहेर पडते. मग अचानक सर येते, डबा थंड होतो आणि कुठल्याही बारीक फटीतून दमट हवा, कधीकधी पाणीच, आत खेचलं जातं. बाहेर पडायला वाट नाही. जुलै संपेपर्यंत तळाशी चमचाभर पाणी जमतं आणि फेराइट त्यात बसलेला असतो. उपाय उलटा आहे: डब्याच्या तळाला ३ मिलिमीटरची दोन भोकं पाडा, त्यावर आतून बारीक जाळी लावा (नाहीतर मुंग्या आणि कुंभारमाशा संसार थाटतात), आणि झाकण व बाजू बंद करा. एसओ-२३९ नेहमी खालच्या बाजूला. कडेला किंवा वर लावलेला कनेक्टर म्हणजे पाण्याला आमंत्रण.

बालन वेगळा तपासायचा असेल तर दोन्ही तारा सोडवून तिथे ४७ किंवा ५१ ओहमचा रेझिस्टर लावा आणि नॅनोव्हीएनएने इनपुटकडून बघा. ७ मेगाहर्ट्झवर १.२ च्या आत यायला हवा. पॉवरखाली तापतो का हे पाहायचं असेल तर अँटेना जोडून ५० वॉटचा कॅरियर एक मिनिट द्या, ट्रान्समीटर बंद करा आणि मगच हात लावा. चांगला बालन जेमतेम कोमट होतो.

४९:१ वाल्यांनी इथे जास्त लक्ष द्यावं. तिथे तारेच्या टर्मिनलवर सुमारे २४५० ओहम इम्पीडन्स असतो. १०० वॉटला जवळपास ५०० व्होल्ट. टर्मिनल आणि डब्याचा ग्राउंड बोल्ट यांच्यामध्ये ओलसर धुळीचा पट्टा तयार झाला की तिथून गळती होते, प्लॅस्टिकवर काळी रेघ उमटते. रेघ उमटलेला डबा पुसून चालत नाही, कारण ती रेघ कार्बनची असते. डबा बदला आणि दोन बोल्टमधलं अंतर वाढवा.

तिसरी जागा केबलची साल. कठड्याच्या धारेवर घासून, उंदरांच्या दातांनी, किंवा संक्रांतीनंतर अडकलेला मांजा खेचून काढताना ती कापली जाते. जानेवारीतली चीर जुलैत कळते. म्हणून मे महिन्यात केबलवरून ओल्या फडक्यासकट हात फिरवा. डोळ्याला न दिसणारी चीर बोटाला लागते. कठड्यावरून केबल वळते तिथे जुन्या गार्डन पाइपचा हातभर तुकडा उभा चिरून चढवा.

दुरुस्ती

ही कामं कोरड्या दिवशी करायची. ओल्या कनेक्टरवर टेप गुंडाळणं म्हणजे पाणी आत कोंडणं. पावसाळ्यातच करावं लागलं तर दोन दिवसांची उघडीप बघा आणि हेअर ड्रायरने टोक गरम करून घ्या.

आरजी-५८ वर पीएल-२५९ लावताना रिड्यूसर लागतो, यूजी-१७५ या नावाने मिळतो. आधी कॉलर केबलवर सरकवा, मग रिड्यूसर. (कॉलर विसरणं हा सार्वत्रिक प्रकार आहे.) बाहेरची साल १९ मिलिमीटर काढा, जाळी मोकळी करून रिड्यूसरवर उलटी पसरा आणि साधारण १० मिलिमीटर ठेवून कापा. मधल्या तारेवरचं इन्सुलेशन १६ मिलिमीटर काढून तारेला कथील लावा. बॉडी रिड्यूसरवर फिरवून बसवा, बाजूच्या भोकांतून जाळी सोल्डर करा, मग पिन.

भोकांतून सोल्डर धरत नाही ही तक्रार दोन कारणांनी येते. एक, २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न बॉडी तापवूच शकत नाही. किमान ६०, जमल्यास १०० वॉटचा घ्या, नाहीतर बॉडी तापेपर्यंत आतलं पॉलिथिन वितळतं आणि मधली तार सरकून जाळीला टेकते. दोन, स्वस्त कनेक्टरवरचा निकेलचा मुलामा कथील धरत नाही. भोकांच्या कडा बारीक कानसीने पितळ दिसेपर्यंत घासा. मधला इन्सुलेटर पांढरा टेफ्लॉनचा असलेला कनेक्टर घ्या. साधं प्लॅस्टिक सोल्डरिंगच्या उष्णतेने मऊ पडतं. काम झाल्यावर मल्टीमीटरने पुन्हा मोकळा आहे ना ते बघा.

आता वेष्टण. कनेक्टर पक्कडीने हलकेच आवळा. पहिला थर साध्या पीव्हीसी टेपचा, केबलच्या सालीपासून सालीपर्यंत. हा पुढच्या वेळी सगळं सहज सोलून काढता यावं म्हणून. त्यावर स्वतःलाच चिकटणारी रबर टेप. हिच्यावर गोंद नसतो. मधला प्लॅस्टिकचा कागद काढून ती दुप्पट लांब होईल इतकी ताणत, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा येईल असा गुंडाळायची. कनेक्टरच्या दोन्ही बाजूंना ५ सेंटिमीटर पुढपर्यंत जा. न ताणता गुंडाळली तर थर एकजीव होत नाहीत, आणि इथेच बहुतेकांचं काम फसतं. रबर टेपला ऊन सोसत नाही म्हणून तिच्यावर पुन्हा काळी पीव्हीसी टेप, आणि हा शेवटचा थर खालून वर. म्हणजे वरचा वेढा खालच्यावर येतो, कौलांची मांडणी असते तसा, आणि ओघळणारं पाणी फटीत न शिरता बाहेरून जातं. शेवटचा वेढा न ताणता चिकटवा. ताणलेलं टोक उन्हात सुटून फडफडतं. या थरासाठी चांगली टेप घ्या. स्वस्तातल्या टेपचा गोंद मेच्या उन्हात वितळून ओघळतो.

सिलिकॉन लावायचंच असेल तर वास घेऊन बघा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणाऱ्या सिलिकॉनमधून सुकताना ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि ते तांबं खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेली ट्यूब मागा.

केबल बालनमधून सरळ खाली येऊ द्या आणि खांबाला काळ्या केबल टायने बांधा. पांढरे टाय उन्हाने एका वर्षात तुटतात. खिडकीतून आत जाण्याआधी केबलला भोकाच्या खाली १५ सेंटिमीटर झोल ठेवा, पाणी तिथून टपकतं. भिंतीचं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं हवं.

पाणी आत नाही, तरी बिघडतं

जूनच्या सुरुवातीला शेजारच्या गच्चीवर पावसाळी पत्र्याची शेड उभी राहते, आणि इन्व्हर्टेड व्हीची टोकं तिच्यापासून दोन हातांवर येतात. आलेख खालच्या फ्रिक्वेन्सीकडे सरकतो, तळ थोडा वर येतो. केबल तपासून काहीच सापडत नसेल तर आधी आजूबाजूला नजर टाका. टोक पत्र्यापासून निदान दोन मीटर दूर न्या, नाहीतर दोर लांबवून त्याची दिशा बदला. प्लॅस्टिकची ताडपत्री त्रास देत नाही, तिच्याखालचे लोखंडी पाइप देतात.

दोर हाही मोठा गुन्हेगार. नायलॉन पाणी पितो आणि लांब होतो. टोकं खाली येतात, तार कठड्याला किंवा झाडाला टेकते. हार्डवेअरच्या दुकानातला निळा-पिवळा प्रोपिलीन दोर लांबत नाही, पण उन्हाने भुसभुशीत होऊन वाऱ्यात तुटतो. पॉलिएस्टरचा दोर घ्या. आणि तार थेट दोराला बांधू नका: डायपोलच्या टोकाला व्होल्टेज सर्वांत जास्त असतो, ओला दोर तिथे इन्सुलेटर राहत नाही. मध्ये चिनी मातीचा किंवा चांगल्या प्लॅस्टिकचा इन्सुलेटर हवाच.

केबलला हात लावला, भिंतीवरून उचलली किंवा दीड मीटरचा जास्तीचा तुकडा जोडला की एसडब्ल्यूआर बदलत असेल, तर जाळीच्या बाहेरून आरएफ वाहतंय. अशा वेळी ओली भिंत आणि ओला स्लॅबही अँटेनाचा भाग होतात आणि पाऊस पडला की आकडे बदलतात. बालन करंट प्रकारचा आहे का ते बघा. नसेल तर एफटी-२४०-४३ फेराइट रिंगवर आरजी-५८ चे ११-१२ वेढे घेऊन बालनच्या ठिकाणी चोक लावा.

खांब

खांबाचं वरचं टोक उघडं असेल तर जीआय पाइपमध्ये पाणी साठतं आणि आतून गंज चढतो. बाहेरून रंग शाबूत दिसतो. वर एंड कॅप लावा, आणि पायाच्या जरा वर ६ मिलिमीटरचं भोक पाडा. पायथा स्लॅबवरच्या साचलेल्या पाण्यात नको. नटबोल्ट आणि यू-क्लॅम्प स्टेनलेसचे घ्या, समुद्राजवळ ३१६ ग्रेडचे. ॲल्युमिनियम आणि तांबं एकमेकांना थेट टेकवू नका. ॲल्युमिनियमच्या अँटेनाला तांब्याची तार जोडायची तर मध्ये स्टेनलेसचा वॉशर द्या आणि जोडावर ग्रीस लावा.

ताणतारांसाठी गच्चीच्या स्लॅबमध्ये ड्रिल मारू नका. वर दिसणाऱ्या चायना चिप्सच्या खाली ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) असतो आणि एका भोकाने त्याचं वॉटरप्रूफिंग संपतं. खालच्या मजल्यावर छत गळू लागलं की सोसायटी पहिलं बोट अँटेनाकडे दाखवते, आणि त्या वेळी ती बरोबर असते. कठड्याला दोन्ही बाजूंनी आवळणारे क्लॅम्प वापरा. ताणतारांचे टर्नबकल मेमध्ये आवळा. खांब कलला की इन्व्हर्टेड व्हीची एक बाजू खाली येते आणि आलेख सरकतो.

आपल्याकडे विजांचा खरा जोर मॉन्सून सुरू होण्याआधी, एप्रिल-मेच्या वळवात, आणि पुन्हा परतीच्या पावसात असतो. म्हणजे बरोबर त्याच दिवसांत, जेव्हा गच्चीवर ही कामं निघतात. लांबवर गडगडाट ऐकू आला तरी खाली उतरा. कोॲक्स रेडिओतून काढून खिडकीबाहेर टाका; नुसता अँटेना स्विच बंद करून भागत नाही. ओल्या कठड्यावर चढून, एका हातात पाना धरून टोक सोडवायला जाऊ नका. आणि खांब उभा करताना किंवा उतरवताना तो कोणत्याही दिशेला पडला तरी विजेच्या तारांना पोचणार नाही, एवढं अंतर आधीच मोजून घ्या.